डावीकडचा दीड इंच

ईरा आणि निशांत,

मागच्या महिन्यात ईराने फोनवरून मला तिच्या विद्यापीठाभोवतीचा भाग फिरवून दाखवला. ती फोन धरून चालत होती आणि मी सांगलीत खुर्चीत बसून तिच्या मागोमाग जात होते. जुन्या पुस्तकांचं दुकान, फक्त वह्या आणि शाई विकणारं दुकान, सायकली दुरुस्त करणारी एक चष्मेवाली बाई. प्रत्येक दुकानात मालक स्वतः उभा. ईरा म्हणाली, "आजी, इथे लोक मोठ्या कंपन्यांची दुकानं येऊच देत नाहीत. तुझी कॉलेजची गल्ली अशीच होती ना?" मी म्हटलं, "हो, अशीच." तिने विचारलं, "मग ती बंद का पडली?" मी म्हटलं, "काळ बदलला."

हे उत्तर मी गेली कित्येक वर्षं सगळ्यांना देते आहे. त्यानंतर एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी गल्लीतल्या गमतीजमती लिहून मागितल्या. मी लिहायला बसले आणि तेच वाक्य पुन्हा लिहिणार तोच हात थांबला. म्हणून हे तुम्हालाच उद्देशून लिहिते आहे. त्यांना हवं तर ते छापतील. गमती आहेत, पण थोड्याच.

मी मूळची साताऱ्याची. इंग्रजी घेऊन बी.ए. झाले, टायपिंगच्या परीक्षा दिल्या आणि लग्न होऊन सांगलीला आले. तुमच्या आजोबांची नोकरी फिरतीची. मला घरात बसवेना. कॉलेजच्या फाटकासमोरच्या गल्लीत दहा बाय आठचा गाळा मिळाला. तिथे मी एक इंग्रजी आणि एक मराठी टाइपरायटर मांडला आणि प्रबंध टाइप करून द्यायला लागले. कॉलेजात एम.ए.पासून पीएच.डी.पर्यंत सगळं होतं, त्यामुळे काम कधी कमी पडलं नाही.

प्रबंध कसा तयार व्हायचा हे आज सांगावं लागेल. विद्यार्थी हाताने लिहिलेला गठ्ठा घेऊन यायचा. आधी तो पारसशेठच्या स्टेशनरीच्या दुकानात जाऊन जाड पांढरा कागद घ्यायचा. तो कागद माझ्याकडे यायचा. मी टाइप करायचे, इंग्रजी सुधारायचे आणि मार्गदर्शक सरांनी केलेल्या चुकाही गुपचूप सुधारायचे. मग पानं सुभेदारांकडे झेरॉक्सला. हे साताऱ्याकडचे, सैन्यातून निवृत्त झालेले. मशीनवर कापड घालताना त्याचे कोपरे बराकीतल्या चादरीसारखे दुमडायचे. आणि शेवटी पाच प्रती दादूमामांकडे बांधणीला.

गल्लीचा एक नियम होता. तो कुणी लिहिला नव्हता, पण मोडलाही नव्हता. दुसऱ्याच्या कामाला हात लावायचा नाही. पारसशेठकडे कुणी बाइंडिंगचं विचारलं तर ते मान वर न करता म्हणायचे, "चौथं दुकान. तिथं जा, आणि चप्पल काढून जा, नाहीतर तो बोलतोय." सुभेदारांना एक कंपनी स्पायरल मारायचं यंत्र जवळजवळ फुकट द्यायला निघाली होती. त्यांनी परत पाठवलं. म्हणाले, "माझा मोर्चा झेरॉक्सचा. दुसऱ्याच्या मोर्चावर आपण जात न्हाई."

या नियमामुळे मला एक गोष्ट सांभाळावी लागायची: डावीकडचा समास. उजवीकडे, वर आणि खाली एकेक इंच सोडला तरी चालतो, पण डावीकडे दीड इंच हवाच. कारण प्रबंधाची पानं सुटी असतात. दादूमामा ती पानं ठोकून एकसारखी करायचे, डाव्या कडेला दाभणाने भोकं पाडायचे आणि मेण लावलेल्या दोऱ्याने शिवायचे. शिवणीला अर्धा इंच जायचा, उरलेला इंच वाचणाऱ्याला. मी गाळा उघडल्याच्या पहिल्याच आठवड्यात ते पट्टी घेऊन आले होते. "बाई, तुमी इंग्रजी कसं बी लिवा, मला त्यातलं कळत न्हाई. पर माजा दीड इंच मला द्यायचा." मी तो टाइपरायटरवर खूण करून ठेवला आणि एकवीस वर्षं त्या खुणेला हात लावला नाही.

त्यांना इंग्रजी कळत नव्हतं, पण इंग्रजी अक्षरं मात्र सगळी पाठ होती. पितळी अक्षरं तापवून काळ्या रेक्झिनवर सोनेरी नाव उमटवायचं तर एकेक अक्षर उलटं जुळवावं लागतं. अर्थ न कळता त्यांनी शेकडो प्रबंधांची नावं बिनचूक उमटवली. एकदा मी विचारलं, "मामा, हे कशाबद्दल आहे माहीत आहे का?" ते म्हणाले, "लांबलचक हाय एवढं कळलं. दोन ओळीत बसवाया लागलं."

त्यांची आणखी एक पद्धत होती. प्रत शिवत आली की ते शेवटचा टाका ठेवून द्यायचे. ज्याचा प्रबंध, त्याने यायचं आणि तो टाका स्वतः घालायचा. मगच गाठ मारून वर कोरं पान चिकटवायचे. कितीही घाई असो, त्याशिवाय प्रत मिळायची नाही. हळद साठवण्याच्या जमिनीतल्या पेवांवर प्रबंध लिहिणारे एक प्राध्यापक होते. त्यांची पानं हळदीने पिवळी झालेली असायची, माझ्या टाइपरायटरच्या कळाही पिवळ्या झाल्या होत्या. दाभण पाहून ते म्हणाले, "मी पीएच.डी. करतोय, चपला नाही." दादूमामा म्हणाले, "मग ऱ्हाऊ द्या हितंच." सर दोन दिवसांनी आले, टाका घातला, बोट टोचून घेतलं आणि रक्त कुठे पडलं नाही ना हे चार वेळा पाहिलं.

आणि एक सुनंदा होती. वाळव्याकडच्या एका खेड्यातली, घरी उसाची शेती, वडील आणि चुलते फौजेत. घरात पहिली शिकलेली. प्रत न्यायला ती आईला घेऊन आली. आई दाराशीच थांबली, पदर सावरून त्या गठ्ठ्याकडे बघत राहिली. "एवडी समदी पानं हिनंच लिवली?"

"हिनंच," दादूमामा म्हणाले. "टाका घाला तुमी."

"मी? मला लिवता येत न्हाई."

"लिवायचं कोण म्हंतंय? गोधडी शिवता का न्हाई?"

"शिवती की."

"मग शिवा. जाड हाय, जरा जोर लावा."

सुनंदा म्हणाली, "मामा, तिचा टाका वाकडा येईल." दादूमामांनी तिच्याकडे चष्म्यावरून पाहिलं. "मग येऊ द्या की. तुमच्या पानात समदं सरळच हाय व्हय?" आईने टाका घातला. तो वाकडा आला आणि इतर टाक्यांपेक्षा मोठाही. त्यावरची गाठ त्यांनी तिलाच मारू दिली. गोधडीची गाठ, जाडजूड. मी हे माझ्या गाळ्याच्या दारातून पाहत होते.

तर अशी ती गल्ली. आता ती कशी बंद पडली ते.

एका वर्षी कॉलेजने ठरवलं की टायपिंग, झेरॉक्स, बाइंडिंग सगळं आवारातच, एकाच ठिकाणी आणि एकाच ठेकेदाराकडून होईल. प्रबंधावर त्याच ठेकेदाराचा शिक्का लागेल. बाहेरचं काम घेतलं जाणार नाही. सूचना इंग्रजीत होती. ती मीच पारसशेठच्या दुकानात सगळ्यांना वाचून सांगितली. मग सुभेदार म्हणाले, "चौघांनी मिळून अर्ज टाकायचा. एक खोली, चार काऊंटर. कागद, टायपिंग, झेरॉक्स, बाइंडिंग. त्यांना एका ठिकाणी पायजे, आपण एका ठिकाणी बसतो."

"अर्ज इंग्रजीत लागंल," पारसशेठ म्हणाले.

"बाई हायती की," दादूमामा म्हणाले. "बाई लिवतील ते बरूबरच असणार."

मी अर्ज लिहिला. छापील फॉर्मवर अर्जदाराच्या नावाला एकच ओळ होती. मी विचारलं, "इथे कुणाचं नाव घालू?" सुभेदार म्हणाले, "तुमचंच घाला. साहेबाशी बोलायला इंग्रजीवाला मानूस बरा." मग मी एक वेगळी पुरवणी टाइप केली. आम्ही चौघे हे काम मिळून करणार आहोत, प्रत्येकाचं काम अमुक, आणि एकालाही वगळल्यास उरलेले काम स्वीकारणार नाहीत. हे शेवटचं वाक्य दादूमामांनी घालायला लावलं होतं. चौघांनी सह्या केल्या. दादूमामांनी सही करायच्या आधी कागद उजेडात धरून पाहिला, जसे ते सगळेच कागद पाहायचे.

शेवटच्या दिवशी मी अर्ज घेऊन कॉलेजच्या कार्यालयात गेले. कारकुनाने पुरवणी काढून माझ्यासमोर ठेवली. "मॅडम, अर्जदार एकच लागतो. ही राहिली तर अर्ज बाद होणार. काढून घ्या, नाहीतर अर्ज परत न्या."

त्या वेळी अडीच वाजले होते. कार्यालय पाचला बंद होणार होतं. गल्ली रस्त्याच्या पलीकडे होती. मी जाऊन तिघांना विचारू शकले असते, दहा मिनिटं लागली असती. मी पुरवणीची घडी घातली, पर्समध्ये ठेवली आणि अर्ज दिला.

हे मी घाईत केलं असं मला लिहायला आवडलं असतं. पण मी घाईने काही करणारी बाई नाही, हे तुमच्या बाबांना विचारा. मला तेव्हा स्पष्ट दिसत होतं की चौघांच्या नावाने नाही मिळालं तरी माझ्या एकटीच्या नावाने मिळेल.

गल्लीत परतले तेव्हा सुभेदारांनी विचारलं, "रिपोर्ट काय, बाई?" मी म्हटलं, "दिला." एवढंच. पुढच्या महिन्यात पत्र आलं, माझ्या एकटीच्या नावाने. मी तिघांना म्हटलं, "कॉलेजने एकालाच दिलंय. तरी काम आपण वाटून करू." कॉलेजने आपल्याला वगळलं, असंच त्यांना वाटलं. मी ते तसंच राहू दिलं. सुभेदार म्हणाले, "ऑर्डर इज ऑर्डर," आणि मला पेढा दिला.

आवारातल्या खोलीत यंत्रं माझ्या मालकीचीच हवीत अशी अट होती. आधी मी झेरॉक्स मशीन घेतलं. सुभेदारांनी वर्षभर गाळा चालवला आणि मग ते साताऱ्याला परत गेले. बाइंडिंग मात्र मी दादूमामांकडेच पाठवत होते. रोज पिशवी रस्ता ओलांडून जायची आणि चार दिवसांनी यायची. कॉलेजला चार दिवस फार वाटू लागले. पुण्याचा एक विक्रेता यंत्र घेऊन आला. पानांच्या कडेला गरम गोंद लागतो, कव्हर दाबलं जातं आणि पाच मिनिटांत प्रत हातात. दिसायला देखणी. मी ते यंत्र घेतलं.

दादूमामा ते पाहायला आले. चप्पल बाहेर काढून. यंत्राकडे त्यांनी फारसं लक्ष दिलं नाही. तयार प्रत उचलली आणि आतलं पान उघडून डाव्या कडेवर अंगठा ठेवला. तोवर मी संगणकावर काम करत होते आणि हे यंत्र आल्यावर सगळ्या बाजूंनी समास एक इंच केला होता.

"बाई, हा एकच इंच हाय."

"गोंदाला तेवढा पुरतो. पानंही वाचतात."

"व्हय. पर उद्या शिवायचं म्हटलं तर जागा न्हाई."

पानं वाचत होती हे खरं होतं. पण दीड इंच रिकामा दिसला की तो कुणाची तरी वाट पाहतोय असं वाटायचं, म्हणून मी तो काढून टाकला होता. ते त्यांनाही कळलं असावं. त्यांनी प्रत जिथून उचलली तिथेच, कडेला कड जुळवून ठेवली. "बरं हाय मग," म्हणाले आणि गेले. त्या वर्षीच्या दिवाळीनंतर चौथं दुकान उघडलं नाही. ते कऱ्हाडजवळच्या मलकापूरला मुलीकडे गेले आणि एका मंगल कार्यालयात राखणदार म्हणून लागले, असं पारसशेठनी सांगितलं. माझ्याकडे न बघता सांगितलं. पुढे पारसशेठनीही दुकान मुलाला दिलं. तिथे आता मोबाइलची कव्हरं मिळतात.

तुमच्या बाबांचं परदेशातलं शिक्षण त्याच वर्षांत झालं. हे वाक्य मी दोनदा खोडलं आणि पुन्हा लिहिलं.

माझंही फार काळ चाललं नाही. प्रबंध संगणकावरूनच जमा करायचे असा नियम झाला आणि कागदाच्या प्रतीची गरजच संपली. खोली रिकामी करा असं एका ओळीचं पत्र आलं. इंग्रजी निर्दोष होतं. त्या खोलीत आता पैसे काढायचं यंत्र आहे.

गेल्या वर्षी कॉलेजच्या ग्रंथपाल बाईंचा फोन आला. जुने प्रबंध स्कॅन करून संगणकावर ठेवायचे होते. "आजी, तुमचा शिक्का असलेल्या प्रतींची पानं हातात येतायत. कुणी नीट करून देईल का?" मी जाऊन पाहिलं. गोंद वाळून काचेसारखा झाला होता. प्रत उघडली की पानं सुपातून धान्य सांडावं तशी सांडत होती. माझ्या शिक्क्याचं एक अख्खं कपाट.

सांगलीत आता बांधणी करणारा मला कुणी माहीत नाही. मी चार प्रती पिशवीत घातल्या, पर्समध्ये इतकी वर्षं ठेवलेली ती पुरवणी घातली, एस.टी.ने कऱ्हाडला गेले आणि रिक्षाने मलकापूरला.

दादूमामा पडवीत खुर्चीवर बसले होते. मला ओळखायला क्षणभर लागला. "बाई? आवं, या की. लय वाळलाय."

"तुम्हीही."

"मी आधीपास्नंच वाळल्याला हाय." त्यांनी मुलीला हाक मारून चहा सांगितला. मी पिशवीतून एक प्रत काढून दिली. त्यांनी उघडली आणि पानं मांडीवर सांडली. त्यांनी ती गोळा केली, गुडघ्यावर ठोकून एकसारखी केली आणि डाव्या कडेवर अंगठा ठेवला.

"एक इंच," ते म्हणाले.

"काही करता येईल का, मामा?"

"गोंदाची कड कापून टाका मारला तर शिवन अक्षरं खानार. जागाच न्हाई. सुतळीनं बांधा. रद्दी बांधत्यात तशी."

मी पर्समधून पुरवणी काढून त्यांच्या हातात दिली. त्यांनी कागद उजेडात धरला. "ही माजी सही. ही सुभेदाराची." मग अक्षरांवरून बोट फिरवलं. "अर्थ सांगा." मी एकेक वाक्य मराठीत सांगितलं. 'एकालाही वगळल्यास' हे शेवटचं वाक्यही सांगितलं.

"हे कालेजात दिलंच न्हाई?"

"कारकुनाने परत दिलं. मी पर्समध्ये ठेवलं."

"आन् आमास्नी?"

"सांगितलं नाही."

मुलीने चहा आणून ठेवला. "सुभेदार मरूस्तवर कालेजच्या सायबाला शिव्या देत हुता," ते म्हणाले. "त्यो सायब कवाच बदलून गेला हुता. तरी ह्यो देतच हुता." मग म्हणाले, "उगंच."

मी माफी मागितली. ते 'असू द्या' म्हणाले नाहीत. "चा घ्या, गार व्हतोय," एवढंच म्हणाले. मी उठले तेव्हा कागद अजून त्यांच्या हातात होता.

"ह्यो ठिवू का माज्याकडं?"

"तुमचाच आहे."

त्यांनी डाव्या कडेवर अंगठा ठेवला. "हितं मातूर दीड सोडलाय," ते म्हणाले.

तो मी सवयीने सोडला होता.

परत आल्यावर मी ग्रंथपाल बाईंना खरं ते सांगितलं आणि माझ्या प्रती सुतळीने बांधून दिल्या. मग त्यांनी शेजारचं कपाट उघडलं. काळं रेक्झिन, फिकट झालेलं सोनेरी नाव. सुनंदाची प्रत मी शोधून काढली. ती उघडताना कुरकुरते, टेबलावर सपाट राहत नाही, पण एकही पान हललेलं नाही. शेवटच्या कोऱ्या पानावरून बोट फिरवलं तर खाली एक जाडजूड गाठ लागते.

ईरा, गल्लीतलं काय उरलं असं तू पुन्हा विचारलंस तर उत्तर हे आहे. दादूमामांनी शिवलेलं एक कपाट उरलं आहे, आणि ते सगळं वाचता येतं.